मे महिन्यात सॉफ्ट कोरल जगवायचे तर आधी पाण्याचं वाचा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सॉफ्ट कोरल, म्हणजे कडक सांगाडा नसलेली मऊ पोवळी, वाढवणाऱ्यांसाठी हे आहे. सायकलिंग (नव्या टँकमध्ये जिवाणू बसू देणं), लाइव्ह रॉक (जिवाणू बसलेला दगड), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) हे तुम्हाले समजते असं धरून लिहितो. समजत नसेल तर टँक आधी चार-सहा आठवडे नुसता चालू द्या, कोरल कुठं पळून नाही जात. मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यात बसून हे करतो, सॉल्ट मिक्स (समुद्रासारखं पाणी बनवायचं मीठ) आणायचं तर नागपूर गाठा, आणि सल्ला देणारे सगळे मुंबई नाहीतर चेन्नईचे. त्यांचं चुकते असं नाही, पण त्यांनी आपला मे महिना पाह्यला नाही बाप्पा. सरळ म्हणतात चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) घ्या. चिलरच्या पैशात इथं पेरणीचं बियाणं-खत होते.

चिलरशिवाय जमते. आपली हवा कोरडी ठणठणीत, पारा ४५ च्या वर, त्यामुळे पाण्यावर आडवा लावलेला साधा छोटा पंखाही टँक चांगला गार करते, पाणी उडते तसं उष्णता घेऊन जाते. मुंबईच्या दमट हवेत हेच होत नाही. टँक घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या, जाड भिंतीच्या खोलीत ठेवा. २५-२६ डिग्री आदर्श, २८ पर्यंत स्थिर राह्यलं तर लेदर, मशरूम हे सॉफ्ट कोरलचे प्रकार सांभाळून घेतात, ३० च्या वर चार दिवस गेले की रंग उडायले लागते. आणि जुलैत हवा ओली झाली की तोच पंखा कामाचा राहत नाही, तेव्हा घाबरू नका, तोवर बाहेरचं ऊनही उतरलेलं असते.

आता खरी गोम. यातच माझे अर्धे कोरल गेले म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तरी वाचा.

पंख्यानं पाणी उडते, मीठ उडत नाही. समजा ६० लिटर पाणी आहे आणि खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे टँकमध्ये साधारण २१०० ग्रॅम मीठ. मेमध्ये पंखा लावल्यावर दिवसाले ३ लिटर सहज जाते. आता पाणी कमी दिसलं म्हणून तुम्ही ड्रममधलं तयार खारं पाणी ३ लिटर ओतलं तर दर वेळी १०५ ग्रॅम मीठ जास्तीचं टाकलं. पाच दिवसांत २६२५ ग्रॅम, म्हणजे जवळपास ४४ पीपीटी! पाण्याची लेव्हल बरोबर, पाणी काचेसारखं, तापमान बरोबर, आणि झेनियाचं (फुलासारखी तोंडं उघडमीट करणारं कोरल) धडधडणं बंद, लेदर मिटलेलं, मशरूम बटणाएवढे. मग माणूस लाइट बदलते, कोरल फूडच्या बाटल्या आणते, दुकानदार खूश. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच टाकायचं. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत भरा. खारेपणा आधीच चढला असेल तर एका दिवसात खाली आणू नका, रोज एखाद पीपीटी, बस.

रिफ्रॅक्टोमीटरचंही (खारेपणा मोजायचं साधन) ऐका. बऱ्याच मीटरचं तापमानाचं आपोआप जुळवून घेणं १० ते ३० डिग्रीपर्यंतच असते. भर दुपारी ३८ च्या खोलीत घेतलेल्या आकड्यावर काऊन भरवसा ठेवता? पहाटे मोजा, आणि ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन पाण्यानं तपासून घ्या.

गोडं पाणी म्हणजे बोअरचं नाही, त्यात क्षार आणि वावरातल्या खताचं नायट्रेट. घरच्या आरओचंही डोळे मिटून नको. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा स्क्रू असते, तो कच्चं पाणी मिसळते. आणि हल्ली कॉपरवाले आरओ निघालेत, तांबं आपल्याले चांगलं असेल, कोरल-झिंग्याले विष. टीडीएस मीटर तांबं वेगळं दाखवत नाही. कूलरचा फ्लोट वॉल्व्ह लावून वरच्या बादलीतून पाणी आपोआप भरता येते, पण प्लॅस्टिकचा घ्या, पितळेत तांबं असते. बादलीही लहानच ठेवा, वॉल्व्ह अडकला तर सगळी टँकमध्ये रिकामी होईल.

कटिंग, म्हणजे कोरल कापून नवे तुकडे वाढवणं, त्या मानानं सोपं आहे, उगाच बाऊ करतात. केनिया ट्री हे झाडासारखं कोरल तर स्वतःच फांद्या गाळते. झेनियाच्या शेजारी छोटा दगड ठेवा, चढलं की कापा. जीएसपीची (ग्रीन स्टार पॉलिप कोरल) जांभळी चटई सोलून दुसऱ्या दगडावर. लेदरची टोपी नव्या ब्लेडनं एका झटक्यात कापा, त्याच्या चिकट स्रावावर ग्लू धरत नाही, म्हणून रबर बँड किंवा जाळीनं सैल बांधा, एक-दोन आठवड्यांत पकडते. कापणं वेगळ्या खाऱ्या पाण्याच्या भांड्यात करा आणि टँकमध्ये नवा कार्बन (पाणी साफ करणारा कोळसा) टाका, कापलेलं लेदर जी रसायनं सोडते ती बाकीच्यांना बाधतात. आणि लेदर मधूनच मिटून मेणासारखी साल टाकते, कधी कधी आठवडाभर. ते मेलेलं नसते, हात लावू नका.

झोआच्या (गुच्छात वाढणारं बटणासारखं कोरल) बाबतीत मात्र मस्करी नाही. काही झोआत आणि त्याच्या भाऊबंद पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असते, जीव जाऊ शकते. ग्लोव्हज, चष्मा, आणि तो दगड उकळायचा नाही, गरम पाण्यानं घासायचा नाही, वाफेतून घरभर बाधा झाल्याच्या घटना आहेत. घरात लहान लेकरं असतील तर नवशिक्यानं झोआ घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालवणले फिरायले गेलात तर दगड-कोरल उचलून आणू नका, तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कडक कोरल व सी फॅन (पंख्यासारखं कोरल) वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात. टँकमध्ये वाढवलेलेच तुकडे घ्या, बिलासकट.

गुरू करायचाच तर ज्याचा टँक इथले दोन उन्हाळे काढून उभा आहे त्याले करा, त्याचे फॉलोअर्स मोजू नका. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, भारी लाइट मागून.

विकायचं म्हणाल तर तुकडा दगडाले धरून नवीन पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) काढत नाही तोवर विकू नका. एप्रिल ते जून पार्सल बंद. एसटीच्या डिकीत थर्माकोलचा डबाही तापते, गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी पाऊस पडू द्या म्हणायचं.