आपत्काळासाठी घरात काय ठेवावं: धनुष्य की क्रॉसबो?

नाशिकला मुलांना तिरंदाजी शिकवते, त्यामुळे पालक हमखास विचारतात, "मॅडम, एकच घ्यायचं तर कोणतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: सुटं होणारं साधं रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे टोकं पुढे वळलेलं.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दांडा आणि घोडा असलेलं आडवं धनुष्य, लवकर हाताला बसतो, हे खरं. दोरी खटक्यात अडकली की ताण यंत्रच धरून ठेवतं. खांदा दुखरा असेल तर तोच घ्या. पण दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या १५० पौंडांच्या आकड्याला भुलू नका. त्याची दोरी थोडंच अंतर धावते, त्यामुळे धनुष्याशी पौंडास पौंड तुलना होत नाही. शिवाय प्रत्येक बाणानंतर पाय रिकिबीत घालून पुन्हा ओढायचं. तेवढ्यात धनुष्यातून तीन-चार बाण सहज जातात.

खरी गोम दुरुस्तीत आहे. रिकर्व्हची दोरी मी घरीच वळते: पॉलिस्टरचा धागा, मधे जिथे बाण बसतो तिथे घट्ट वेढे, वरून मेण. कंपाउंड, म्हणजे कप्प्या असलेल्या क्रॉसबोची दोरी बदलायला सहसा प्रेस, म्हणजे त्याच्या भुजा दाबून धरणारं यंत्र, लागतो. संकटात तो कुठून आणणार?

मोठ्या माणसाने २५ पौंडांपासून सुरुवात करावी. इगतपुरीकडचा पाऊस पिसं पार चिकटवून टाकतो, म्हणून बाणांना प्लॅस्टिकची पाती घ्या. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, धनुष्य तडकतं. आणि शिकारीचा विचार नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. सराव गोणपाटात जुने कपडे ठासून करा, मागे मातीचा उंच बांध हवाच.