पाच वॅटमध्ये हाक कशी मारावी

हौशी (हॅम) रेडिओचा शंभर वॅटचा सेट हाताशी असताना मुद्दाम पाच वॅटवर कशाला यायचे, असे घरचेही विचारतात. हिशेब करून पाहा. १०० वरून ५ वॅटवर आलात की सिग्नल १३ डेसिबलने उतरतो. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरच्या एका खुणेला ६ डेसिबल धरतात, म्हणजे समोरच्याचा काटा दोन खुणांहून किंचित जास्त खाली येतो. एस-९ ने ऐकणारा आता एस-७ च्या आसपास ऐकेल, गप्पा चालूच राहतील. मोर्सवर ५ वॅट आणि एसएसबीवर, म्हणजे आवाजाने बोलताना, १० वॅट शिखरशक्ती, याच्या आत राहणे म्हणजे क्यूआरपी. वॅट कितीही कमी असले तरी लायसन्स आणि कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरे, मात्र लागतेच.

पहिला आठवडा नुसते ऐका. ७.०३० आणि १४.०६० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला क्यूआरपीवाले भेटतात. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, दिवसा काहीशे किलोमीटरची मंडळी असतात, आणि सूर्य मावळला की तोच बँड हजारो किलोमीटरपर्यंत उघडतो. कुठला बँड किती वाजता जागा होतो हे वहीत टिपा. पुढे वॅटपेक्षा ही वहीच जास्त कामाला येते.

मग अँटेना. इथे काटकसर नको, कारण थोडेसेच वॅट असताना ते वाया घालवणे परवडत नाही. साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा, पुरतो. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.०३ साठी ती सुमारे २०.३४ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला १०.१७. तार कापताना दोन्हीकडे वीसेक सेंटिमीटर जास्त ठेवा. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचे माप, कमी तितके चांगले) हव्या फ्रिक्वेन्सीच्या खालीच सर्वांत कमी दिसत असेल तर तार लांब आहे. दोन्ही बाजू सारख्या, थोड्याथोड्या छाटा. कापलेली तार परत जोडण्याचा वैताग मी भोगलेला आहे. आणि विजेच्या तारांच्या जवळपासही अँटेना नेऊ नका.

सेट खरोखर किती वॅट देतो हे मोजायला डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा आणि शक्ती उष्णतेत जिरवणारा भार, घरीच बनवा. एक किलोओहमचे, २ वॅटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात. तारेच्या वेटोळ्यांचे रेझिस्टर चालणार नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. त्यावर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज बघा. ९.३ व्होल्ट दिसले तर त्यात डायोडचे ०.७ मिळवा: १०. त्याचा वर्ग भागिले १००, म्हणजे १ वॅट. पूर्ण ५ वॅटला मीटर साधारण २१.७ दाखवेल.

मोजून झाले की डमी लोड काढायचा असतो. मी एकदा अर्धा तास मन लावून सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक, दिला, कुणीच उत्तर देईना. बँडला, सूर्याला, नशिबाला दोष देऊन झाल्यावर हात सहज सेटच्या मागे गेला. अँटेनाची केबल टेबलावर मोकळी पडली होती आणि रेझिस्टर मस्त कोमट झाले होते.

सुरुवातीला स्वतः सीक्यू देण्यापेक्षा दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्या. जो तुम्हाला खणखणीत ऐकू येतो, त्याला तुम्हीही ऐकू जाण्याची शक्यता चांगली. गर्दी उसळलेल्या स्टेशनच्या मागे लागू नका. कुणी बोलायला मिळाले नाही तरी आपला सिग्नल कुठवर जातो ते कळते. मोर्समध्ये कॉलसाइनसह सीक्यू दिला की रिव्हर्स बीकन नेटवर्कचे आपोआप ऐकणारे रिसीव्हर नोंद करतात. त्याहून हळू चालते ते डब्ल्यूएसपीआर, म्हणायचे ‘व्हिस्पर’, ही संगणकाने क्षीण सिग्नल पाठवण्या-ओळखण्याची पद्धत. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी ते २००८ मध्ये आणले. एक छोटा संदेश पाठवायला जवळजवळ दोन मिनिटे घेते, पण २०० मिलीवॅटमध्ये समुद्र ओलांडते.

जम बसला की ५ वॅटचे अडीच करा, मग सव्वा, मग त्याचेही निम्मे. दर वेळी फक्त ३ डेसिबल जातात. वहीत वॅटचा वेगळा रकाना ठेवा. माझ्या वहीत एका ओळीपुढे ३०० मिलीवॅट आहे. त्या संध्याकाळी समोरच्याने माझ्या कॉलसाइनचे शेवटचे अक्षर तीनदा विचारले. चौथ्या वेळी मी वेग निम्मा केला आणि मोर्सचा एकेक डिट (ठिपका) सुटा सुटा पाठवला. खरखरीतून परत आले: डिट-डा-डिट, मोर्सचा ‘आर’. मिळाले.