नकाशावर 1010, बॅरोमीटरवर 990: बिघाड नाही

हवामान नकाशातल्या समदाब रेषांवरचे (सारख्या हवादाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरचे) आकडे हिशेबाने समुद्रसपाटीवरच्या दाबात बदललेले असतात. फोनमधला बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, मात्र जागेवरचा दाब दाखवतो. म्हणून त्यात दर 8 मीटर उंचीला 1 हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) मिळवा. 160 मीटरवर 990 आलं, की नकाशाच्या हिशेबाने 1010. हे गणित सखल भागापुरतंच चालतं. वर हवा विरळ होते, तापमानही धरावं लागतं. 500 मीटरवरच चूक 4 हेक्टोपास्कलच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे बऱ्याच नकाशांवर दोन शेजारच्या समदाब रेषांमध्ये असतो तेवढा फरक!

उष्ण कटिबंधात दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला 2-3 हेक्टोपास्कलने उतरतो. ते वादळाचं लक्षण नव्हे. तुलना कालच्या त्याच वेळेच्या नोंदीशी करा.