हिमबिबट्या पाहायला निघालात? आधी या चुका टाळा

फेब्रुवारी जवळ आला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "हिमबिबट्या बघायला जायचंय, दहा दिवसांत होईल ना?" मी उलट विचारते, "त्या दहातले गावात राहायचे किती?" पलीकडे बोटांवर हिशेब होतो आणि आकडा निघतो दोन, फार तर तीन. बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं. कपडे, लेन्स, गाइड यांचं नंतर बघता येतं. दिवस कमी धरले की पुढचं सगळंच कोलमडतं.

डोंगरातल्या मोठ्या जनावरांची शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली, आणि ती कायमची बंद राहायला हवी. आता मागावर जायचं ते दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन. तयारी मात्र जुन्या शिकाऱ्याला लागायची तेवढीच लागते, कारण जनावर तेच आहे आणि डोंगरही तोच. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेत देशात ७१८ हिमबिबटे धरलेत. त्यातले ४७७ लडाखमध्ये, ५१ हिमाचलमध्ये. एवढ्या अफाट मुलखात एवढीच जनावरं. तुम्ही किती सकाळी डोंगरासमोर बसता, यावर सगळं आहे.

सकाळी लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी वर निघणं

ही चूक आम्ही केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊ. आयोजकानं सहा दिवसांचा कार्यक्रम दिला होता. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी थेट उल्ले हे गाव. लेह ३,५०० मीटरवर आहे, उल्ले त्याहून बरंच वर. आणि आपण कुठून निघालेलो? खाडीकाठच्या ठाण्यातून. लेहमध्ये श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्या साधारण दोन तृतीयांश असतो. शरीराला ते कळायला आणि सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ आम्ही दिलाच नाही.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तर दीर भिंतीला टेकून बसलेले. आडवं झालं की दम लागतोय, म्हणाले. खोकला संध्याकाळपासून होता. थंडीचा असेल म्हणून आम्ही आल्याचा चहा दिला होता. त्या घरातल्या आमा-ले, म्हणजे घरची आई, कंदील घेऊन आल्या, दिरांच्या छातीला कान लावला आणि एक शब्द न बोलता ड्रायव्हरला उठवायला गेल्या. उजाडेपर्यंत आम्ही लेहच्या दवाखान्यात होतो. फुप्फुसात पाणी धरायला लागलं होतं. वेळेवर खाली आणलं म्हणून बरं झालं. सहल तिथेच संपली. हिमबिबट्या सोडाच, आम्ही दुर्बीण पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती.

म्हणून लेहला विमानानं गेलात तर निदान दोन पूर्ण दिवस काहीही करू नका. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा चढू नका. पाणी प्या, गरम सूप प्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. डॉक्टर हेच सांगतात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि लघवीला वरचेवर लागणं हे त्या गोळीमुळे होतं, त्यानं घाबरू नका. बीपी, मधुमेह, दमा असलेल्यांनी तपासणी करूनच तिकिटं काढावीत.

"मी दर रविवारी येऊर चढतो"

ठाण्याजवळचा तो डोंगर चढा, जरूर चढा. तिथे चढण्याची सवय असेल तर गुडघे साथ देतील. कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेले असतील तर घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा हे वेगळं शिकावं लागणार नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन आठवड्यातून तीनदा जिने चढावेत, मी तेच करते. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि उंचीचा त्रास तंदुरुस्ती बघून होत नाही. आमचे दीर चौघांत सगळ्यात काटक. दोन मॅरेथॉन धावलेले. अशी माणसं स्वतःला मागे ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं एवढंच असेल तर तिथेच थांबा, वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढे. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला वाढत असेल, गुलाबी फेसाळ थुंकी पडत असेल किंवा माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, काहीतरी असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली उतरवायचं. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहे, तो बरोबर घ्या. फक्त गार बोटावर तो भलताच आकडा दाखवतो, म्हणून हात आधी काखेत धरून ऊब द्या. आकडा चांगला आला तरी माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

अटल बोगद्यावर भिस्त

लडाखऐवजी हिमाचलमधल्या स्पितीतही हिमबिबट्या बघायला जातात. "आता बोगदा झालाय, मनालीवरून स्पिती चार तासांत," असं कुणी सांगितलं तर हिवाळ्यापुरतं विसरा. २०२० मध्ये सुरू झालेला अटल बोगदा रोहतांग खिंड चुकवून शेजारच्या लाहौलमध्ये नेतो. स्पितीला जायला त्यापुढे कुंझुम खिंड आहे, ४,५५१ मीटरवर, आणि ती हिवाळाभर बर्फाखाली असते. फेब्रुवारीत वाट एकच, शिमल्याहून किन्नौरमार्गे. शिमला ते काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, चारशे किलोमीटरच्या वर.

लांब वाटते, पण हीच वाट शरीराच्या बाजूची आहे, कारण उंची हळूहळू वाढते. दुसऱ्या वेळी आम्ही असे गेलो: पहिल्या दिवशी विमानानं चंदीगड आणि तिथून शिमला. दुसऱ्या दिवशी कल्पा, साधारण २,९६० मीटर. तिसऱ्या दिवशी ताबो. पुष्कळजण इथे नाकोला मुक्काम करतात. नाको सुंदर आहे, पण कल्पाहून एकदम सातशे मीटर वर. ताबो ३,२८० वर आहे, तिथे झोप चांगली लागते. चौथा दिवस ताबोतच. तिथला मठ इसवी सन ९९६ मधला आहे. मातीच्या भिंतींमधल्या त्या अंधाऱ्या दालनात आम्ही दोन तास बसलो आणि तो दिवस अजिबात वाया गेल्यासारखा वाटला नाही. पाचवा आणि सहावा दिवस काझा, ३,६५० मीटर. सातव्या दिवशी किब्बर, जिथून हिमबिबट्या शोधायचा ते गाव, ४,२०० मीटरच्या आसपास. ही चढ पाचशेच्या थोडी वर जाते, म्हणूनच काझ्यात दोन रात्री. मग पाच पूर्ण दिवस डोंगरासमोर. परतीला चार दिवस. झाले सोळा. त्यात दोन दिवस दरडीसाठी आणि बर्फासाठी ठेवा, कारण किन्नौरमध्ये रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. अठरा.

शनिवारी निघालात तर अठरा दिवसांत रजेचे दिवस बारा जातात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती मध्ये आली तर अकरा. एवढी रजा मिळत नसेल तर या वर्षी जाऊ नका, पुढच्या वर्षीसाठी साठवा. परतीचं विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. काझ्यापुढे एटीएमवर विसंबू नका, रोख बरोबर ठेवा. लडाखला जाणार असाल तर इथलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

कपडे आणि खोली

सुती बनियन घामानं ओली होते आणि अंगावरच गार पडते. सगळ्यात आत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे घालून घट्ट बसणाऱ्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. नळ गोठलेले असतात, बादलीतलं पाणी वितळवून वापरायचं असतं, शौचालय कोरडं असतं. घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं न्यायचा विचार असेल तर आधी हे चित्र त्यांच्यासमोर ठेवा.

खाऊ न्याच, पण शेंगदाण्याची चिक्की नको. तिथे ती दगड होते. डिंकाचे लाडूसुद्धा आतल्या खिशात ठेवून मऊ करावे लागले. मेतकूट मात्र नेलंत तर वरचा मऊ भात दोन्ही वेळ गोड लागतो.

आणि एक जिवाची गोष्ट. थंडी सहन होत नाही म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातला तंदूर किंवा बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, धुरांड्याची असते, तीही घरमालक विझवायला सांगतील तेव्हा विझवा आणि जाड रजईत शिरा.

कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो तेव्हा

थंडीत बॅटरी खराब होत नाही, गारठते. आमच्या तिसऱ्या सकाळी माझ्या कॅमेऱ्यात लाल खूण आली, बॅटरी संपल्याची. ती काढून थर्मलच्या खिशात पोटाशी ठेवली, दुसरी लावली. अर्ध्या तासानं पहिली परत घातली तर निम्मी भरलेली दाखवत होती. म्हणून निदान तीन बॅटऱ्या, दोन कायम अंगाशी. विमानात बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

लेन्सवर श्वास सोडून पुसायचं नाही, त्याचा बर्फ होतो. संध्याकाळी कॅमेरा उघडा घेऊन उबदार खोलीत शिरलात की आत-बाहेर दव धरतं. बाहेरच असताना तो जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत बंद करा, खोलीत आणा आणि दोन तास उघडू नका. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. ड्रोन नेऊ नका. अभयारण्यात परवानगीशिवाय तो चालत नाही आणि जनावरं बिथरतात.

डोंगर बघायचा कसा

नवखा माणूस दुर्बीण डोळ्याला लावतो आणि इकडून तिकडे फिरवतो. दहा मिनिटांत हात दुखतात आणि काहीच दिसलं नाही असं वाटतं. आमच्या गाइडनं समोरच्या डोंगराचे मनात तुकडे पाडायला सांगितले. ही धार, ती सोंड, मधली घळ, खालची कपार. एका तुकड्यावर पाच मिनिटं, मग पुढचा. दुर्बीण ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ पुरे. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची एकनळी दुर्बीण, गाइडकडे असतो.

बिबट्या शोधू नका, भरल शोधा. त्या निळसर मेंढ्या चरत असतील तर चरू द्या. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून ताठ उभ्या राहिल्या की तिकडे बघायचं. गिधाडं आणि डोमकावळे एका जागी उतरत असतील तर तिथे मारलेलं जनावर असू शकतं, आणि मोठं भक्ष्य असेल तर बिबट्या त्याच्या आसपास काही दिवस रेंगाळतो. जानेवारी ते मार्च हा त्यांचा मीलनाचा काळ, भरलसुद्धा बर्फामुळे खाली उतरलेले, म्हणूनच हे दिवस चांगले.

चौथ्या सकाळी साडेआठला गाइड म्हणाला, "शेपूट." मला अर्धा तास काहीच दिसेना. राखाडी कातळ, त्यावर काळे डाग, बर्फाचे पट्टे. मग त्या कातळाच्या काठावरून खाली लोंबणारा एक जाड दोर हलला आणि त्याचं टोक वर वळलं. सगळं जनावर डोळ्यांसमोर होतं, अर्धा तास. जाऊबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की हातमोज्यातूनही नखं कळली. दीरही होते. डॉक्टरांना विचारून आले होते, आणि सगळ्या वाटेत आम्ही त्यांच्या चालीनं चाललो होतो.

तेव्हा "आणखी जवळ नेता का?" असं गाइडला म्हणू नका, जास्त पैसे देऊ करून तर मुळीच नाही. दबाव आला की तोही माणूस आहे, आणि एकदा उठवलेलं जनावर कडाक्याच्या थंडीत भक्ष्य सोडून जातं. त्या गावांमध्ये लोकांची याक आणि मेंढरं बिबट्या मारतो, तरी ते त्याला राहू देतात. मुक्काम गावातल्या घरात करा आणि गाइड गावातलाच घ्या, म्हणजे तुमचा पैसा त्याच उंबऱ्यात राहतो. फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

परत आल्यावर

ठाण्यात आलात की सामान तसंच माळ्यावर टाकू नका. पिसांचं जाकीट दोन दिवस सावलीत वाळवा आणि दाबून न भरता सैल पिशवीत ठेवा. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि जूनच्या आधी त्या पुड्या बदला. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही आणि गणपतीपर्यंत लेन्सच्या आत बुरशीचं जाळं पडलं होतं.