जांबोटीच्या पुढं जायचं असेल तर

बेळगावहून चोर्ल्याकडं निघालेली गाडी जांबोटी ओलांडून आमच्या दुकानासमोर थांबते, काच खाली होते आणि प्रश्न येतो, "मावशी, धबधबा कुठं?" माझं सांगणं एवढंच, आधी खाली उतरा. रानातल्या रस्त्यावरचं किराणा दुकान म्हणजे नुसता बिस्किटं विकत घ्यायचा काउंटर नव्हे. दुधाचा टेंपो, बसचा कंडक्टर, म्हशीवाला गवळी, वनखात्याचा वॉचमन असे सगळे इथं चहापत्ती, काडेपेटी नाहीतर पानतंबाखू घ्यायला येतात आणि पुढची खबर ठेवून जातात. कुठली वाट चिखलानं बंद आहे, नदीला पाणी किती चढलंय, अस्वल कुठल्या बाजूला दिसलं, हे मोबाईलच्या नकाशात येत नाही. तेव्हा विचारायचं ते असं: "काल रात्री पाऊस किती झाला? पुढं कोण जाऊन आलंय?" मराठीत विचारा, कोकणीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, तिन्हीत उत्तर मिळेल. वनखात्याची पाटी कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर फोटो काढून आणा, आम्ही वाचून सांगतो.

पेट्रोल बेळगावातच भरून घ्या. सोबत सुटे पैसे ठेवा. आषाढात करंट गेला की नेटवर्क जातं आणि भिंतीवरचा स्कॅनर शोभेला उरतो. रोप लावणीच्या दिवसांत दुपारी दुकानाचं दार ओढलेलं दिसलं तर मागच्या बाजूला हाक मारा. शेतात माणसं कमी पडतात, म्हणून आम्हीही चिखलात असतो.

घ्यायचं काय? चिरमुरे, शेंगदाणे, गूळ. हे ओलं झालं नाही तर दिवसभर पुरतं. प्लास्टिकचा कागद घ्या, तो बसायला आणि बॅग झाकायला होतो. टॉर्चचे सेल घ्या. आणि पावसाळ्यात तंबाखूची एक पुडी घ्याच, खायला नव्हे, जळवांसाठी. तंबाखू थोड्या पाण्यात चुरून ते पाणी मोज्यांना बाहेरून लावायचं, मोजे वाळू द्यायचे आणि पँट मोज्यात खोचायची. लहान मुलांच्या अंगाला मात्र ते पाणी लावू नका. एवढं करूनही जळू चिकटलीच तर खसकन ओढू नका. तिच्या तोंडाच्या बारीक टोकाशी नख आडवं लावून सरकवा, ती सुटते. नंतर रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेनं ते गोठत नाही. जखम धुऊन स्वच्छ कापड दाबून धरा. शहरातली माणसं त्या रक्तानं उगाच हादरतात.

आता ठिकाणं. हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभा नदीच्या पात्रातच आहे. उन्हाळ्यात खाली उतरून दर्शन होतं, शनिवारी गर्दी असते. भर पावसात देऊळ पाण्याखाली जातं. तेव्हा काठावरूनच हात जोडायचे, फोटोसाठी पुढं सरायचं नाही. पाणी तांबडं दिसतंय तोवर खडकावर पाय ठेवू नका, वर शेवाळ असतं.

कणकुंबीला माउलीच्या देवळाशी थांबा. मलप्रभा इथंच उगम पावते. या डोंगरात उभं राहिलं की पाण्याच्या दोन वाटा कळतात, आणि मुलांना इथंच उभं करून त्या सांगाव्यात असं मला मनापासून वाटतं. मलप्रभा पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातून पुढं कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन समुद्राला मिळते. या म्हादईच्या पाण्यासाठी कर्नाटक आणि गोवा वर्षानुवर्षं भांडतायत. 2018 साली लवादाचा निवाडा आला तरी वाद मिटलेला नाही. देवळाजवळच्या उगमाच्या कुंडात पाय धुऊ नका आणि चिप्सची पाकिटं गाडीतूनच परत न्या.

भीमगड आणि वज्रपोह्याचा धबधबा ही नावं ऐकून बरेचजण येतात. ही अभयारण्याची हद्द आहे, 2011 मध्ये जाहीर झालेली. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही, कुणी पोरगा "आडवाटेनं नेतो" म्हणाला तरी नाही. गव्यांचं आणि अस्वलांचं रान आहे ते. बारापेडे गुहेत दुर्मिळ वटवाघळं राहतात; जगात फार थोड्या जागी सापडणारी जात आहे ती, तिला टॉर्च आणि आरडाओरडा सोसत नाही. परवानगी मिळाली नाही तर मन खट्टू करू नका. चोर्ला घाटात रस्त्याच्या कडेनंच एवढं पाणी कोसळत असतं की दिवस कमी पडतो. गाडी वळणावर मात्र उभी करू नका. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसत नाही.

गोव्यातून परतताना दारूच्या बाटल्या आणू नका. कणकुंबीच्या चेकपोस्टवर गाडी उघडून बघतात आणि सगळ्यांचा दिवस वाया जातो. अंधार पडायच्या आत जांबोटी गाठा. वाटेत गवा उभा दिसला तर हॉर्न न वाजवता लाईट डिम करून थांबा. तो आपणहून जातो.

उन्हाळ्यात आलात तर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं घ्या. पण बोटानं दाबून घ्या. चांगलं सोल मऊ, काळपट जांभळं असतं आणि बोटाला रंग लागतो. कडक, तपकिरी पडलेलं सोल मागच्या सालचं, ते आमच्या दुकानात असलं तरी घेऊ नका.