मिसळ, स्टॉपवॉच आणि दहा मिनिटं

शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राची एम.एस्सी. करताना प्रोजेक्टसाठी मी राजारामपुरीतल्या एका मिसळीच्या हॉटेलात गेले. गल्ल्यावरचे मामा ठामपणे म्हणाले, "आमच्यात धा मिनिटांच्या वर थांबावं लागत न्हाई बघ." हेच तपासायचं ठरलं. मात्र हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल की सरासरीबद्दल, हे त्यांना आधी विचारून घेतलं. "सरासरी धर की," म्हणाले. मग नल हायपोथेसिस (विरोधात पुरावा मिळेपर्यंत खरं धरायचं विधान) झालं: सरासरी दहा मिनिटं किंवा कमी. पर्यायी: दहापेक्षा जास्त.

पहिल्या रविवारी वेटरनं ऑर्डर घेतली की मी स्टॉपवॉच सुरू करायचे. वीस नोंदी झाल्या, बहुतेक सहा-सात मिनिटांच्या. मी खूश. तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. जोतिबाहून आलेलं एक कुटुंब उभं होतं, कपाळावर गुलाल, धाकटा पोरगा आईच्या पदराला लोंबकळत "भूक लागली" म्हणत होता. त्यांचं थांबणं कधीच सुरू झालं होतं, माझं घड्याळ मात्र बंद होतं. त्या वीसही नोंदी मी टाकून दिल्या. नवीन नियम केला: उंबरठ्याच्या आत पाऊल पडल्यापासून मिसळीची ताटली टेबलावर येईपर्यंत.

दुसरी गोष्ट मॅडमनी दाखवली. पाच जण एकत्र आले तर ते एकत्रच थांबतात. त्या पाच स्वतंत्र नोंदी नव्हेत, एकच. म्हणून मी चिठ्ठ्या टाकून दोन आठवड्यांतल्या छत्तीस वेळा काढल्या आणि प्रत्येक वेळेनंतर आलेला पहिला गट मोजला. नवीन मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, निम्मा वेळ इथंच घालवा. सूत्र पाच मिनिटांचं काम आहे.

सरासरी आली 11.8 मिनिटं, प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात ते) 5.4. प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी साधारण किती इकडंतिकडं होऊ शकते ते: 5.4 भागिले 36 चं वर्गमूळ, 0.9. दहापासूनचं अंतर प्रमाण त्रुटीच्या किती पट, तो टी: (11.8 − 10) ÷ 0.9 = 2. समष्टीचं, म्हणजे येणाऱ्या सगळ्याच गटांचं, विचलन आपल्याला माहीत नसतं, म्हणून झेड नव्हे, टी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटनं लहान नमुन्यांच्या याच अडचणीवर 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावानं उत्तर दिलं.

35 मुक्तमात्रांना (36 नोंदी वजा एक) एकतर्फी, म्हणजे फक्त 'जास्त' ही दिशा तपासणाऱ्या, 5 टक्के पातळीच्या टेस्टची टी ची मर्यादा 1.69. आपला 2, म्हणजे नल फेटाळलं. पी-व्हॅल्यू, म्हणजे सरासरी खरंच दहा असती तर एवढा किंवा याहून मोठा टी येण्याची शक्यता, सुमारे 0.027. मग मी 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा) काढला: 11.8 ± 2.03 × 0.9, म्हणजे 9.97 ते 13.63. आणि घाबरले. दहा तर आतच आहे! टेस्ट एक म्हणते, इंटरव्हल दुसरंच म्हणतो.

रात्रभर चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. टेस्ट एकतर्फी होती, इंटरव्हल दुतर्फी. एकतर्फी 5 टक्क्यांची जोडी लागते 90 टक्क्यांच्या इंटरव्हलशी: 10.28 ते 13.32. त्यात दहा नाही. तोंडी परीक्षेला नेमकं हेच विचारलं गेलं. दिशा कोणती ते आकडे बघायच्या आधी वहीत लिहून ठेवा. दुतर्फी पी 0.053 येतो म्हणून नंतर एकतर्फी करणं ही शुद्ध फसवणूक आहे. माझं लिहिलेलं होतं, म्हणून मी उत्तर देऊ शकले.

अजून एक. थांबण्याच्या वेळेला उजवीकडं लांब शेपूट असते. पंचवीस मिनिटं थांबलेला एखादा गट सरासरी वर ओढतो. म्हणून हिस्टोग्राम आणि मध्यकही द्या.

मामांना पी-व्हॅल्यू सांगून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "मामा, सरासरी सव्वादहा ते सव्वातेराच्या दरम्यान असावी असा माझा अंदाज आहे. ही पद्धत शंभरदा वापरली तर नव्वदएक वेळा खरी सरासरी पकडते." ते कागदाकडं बराच वेळ बघत राहिले. कटाचं पातेलं आतून बाहेर कुठं आणता येईल ते पोराला दाखवलं, मग माझ्याकडं वळले.

"आणि थांबून थांबून परत गेलेली माणसं? ती कुठं धरलीस?"

ती धरलीच नव्हती. दारावरून किती गट परत गेले, याचा रकाना मी दुसऱ्या दिवशी वहीत आखला.