रस्त्याला आधी नंबर लागतो, मग पैसा

ऑक्टोबर २०१७ मध्ये मी थेट जनतेतून सरपंच झाले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या बायकांनी एकच गोष्ट मागितली: फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता. तीन किलोमीटर आठशे मीटर. डांबर उखडून खडी वर आलेली, मधल्या ओढ्यावरची जुनी नळ्यांची मोरी खचलेली. गाव भीमेच्या खोऱ्यातलं, जमीन काळी. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच प्रवासी उतरवून परत फिरायची. बाळंतीण असो की बारावीची मुलगी, पुढची वाट चिखलातून पायी.

तो रस्ता व्हायला साडेतीन वर्षं लागली. त्यातलं पहिलं दीड वर्ष मी चुकीच्या पद्धतीने मागत राहिले म्हणून वाया गेलं. नव्याने निवडून आलेले सरपंच, सदस्य किंवा गावासाठी धडपडणारी पोरं यांचं तेवढं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहीत आहे.

पहिली चूक २६ जानेवारी २०१८ च्या ग्रामसभेत झाली. आम्ही ठराव केला: "गावाला जोडणारा रस्ता अत्यंत खराब झाला असून तो त्वरित करून मिळावा." टाळ्या वाजल्या. त्या ठरावाच्या झेरॉक्स घेऊन मी आमदारसाहेबांकडे, जिल्हा परिषद सदस्यांकडे, तहसीलला, कलेक्टर कचेरीत, सगळीकडे गेले. प्रत्येक ठिकाणी पोच मिळाली. पोच मिळाली की काम पुढे सरकलं असं मला वाटायचं. वर्षभरात माझ्याकडे अकरा पोचा जमल्या आणि रस्त्यावर एक पाटी मुरूमही पडला नाही.

मग एकदा बांधकाम उपविभागात बसले असताना तिथल्या शाखा अभियंत्यांनी विचारलं, "ताई, रस्त्याचा नंबर काय?" मला सांगता आला नाही. त्यांनी कपाटातून तालुक्याचा रस्ते विकास योजनेचा नकाशा काढला, २००१ ते २०२१ या योजनेचा, आणि बोट ठेवून दाखवलं. आमच्या रस्त्याचे पहिले दोन किलोमीटर ग्रामीण मार्ग म्हणून नोंदलेले होते, त्याला क्रमांक होता. ओढ्याच्या पलीकडे रेघ संपत होती. पुढचे अठराशे मीटर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रस्ता म्हणत आलो, पण कागदावर ती पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट होती. "जे आमच्या यादीत नाही त्यावर मी अंदाजपत्रक कसं करू?" असं ते म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तर पहिलं काम हे: आपला रस्ता कोणाचा आहे ते शोधा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे प्रजिमा, हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग, म्हणजे इजिमा, आणि ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. पाणंद आणि शिवरस्ते यांची नोंद महसुलाकडे, गावनकाशावर. चुकीच्या दारात दिलेला अर्ज फेटाळलाही जात नाही, "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून पुढे पाठवला जातो आणि वाटेत कुठेतरी थांबतो. उपविभागातून रस्त्याचा क्रमांक, सुरुवात, शेवट, लांबी आणि शेवटचं काम कोणत्या वर्षी कोणत्या योजनेतून झालं, एवढं लेखी घ्या. हा एक कागद माझ्या अकरा पोचांपेक्षा मोलाचा ठरला.

नोंद नसलेल्या तुकड्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा मिळावा म्हणून आम्ही वेगळा ठराव केला, गावनकाशा जोडला आणि जिल्हा परिषदेमार्फत प्रस्ताव पाठवला. त्याला वेळ लागतो. तोवर तो तुकडा आम्ही पाणंद म्हणूनच धरला आणि रोजगार हमीतून त्याचं मातीकाम व खडीकरण करून घेतलं. दोन ठिकाणी बांध रस्त्यात आले होते. तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढून मागता येतो, हे मला तोवर कळलं होतं. पण मी आधी त्या दोन्ही घरी गेले. एका घरी तीनदा जावं लागलं. शेवटी तिथल्या आजींनी मुलाला सांगितलं, "तुझा बाप ह्याच वाटंनं बैलगाडीत दवाखान्यात नेला होता, सोड तेवढा बांध." संमतीपत्र त्याच संध्याकाळी सही झालं. कायद्याने मिळालेला रस्ता आणि माणसांनी सोडलेला रस्ता, दोन्हींवर डांबर सारखंच पडतं, पण पहिल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा नांगर फिरू शकतो.

आता पैशाच्या वाटा. कचेरीत लोक आकड्यांत बोलतात. ते आकडे म्हणजे लेखाशीर्ष, सरकारी हिशोबातले कप्पे. ३०५४ म्हणजे रस्ते-पुलांची देखभाल-दुरुस्ती. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च, नवं बांधकाम किंवा मोठी सुधारणा. या दोन्हींतला जिल्ह्याचा वाटा जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. २५१५ हा ग्रामविकास खात्याचा कप्पा, लोकप्रतिनिधी सुचवतात त्या गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी त्याहून वेगळा. यांशिवाय दोन मोठ्या योजना आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २५० लोकवस्तीची, रस्ता नसलेली गावं जोडणं हा तिचा मूळ हेतू. २०१९ मधल्या तिसऱ्या टप्प्यात बाजार, उच्च माध्यमिक शाळा आणि दवाखान्यांकडे नेणाऱ्या मुख्य ग्रामीण रस्त्यांच्या दर्जावाढीवर भर होता. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ ची.

यातली कोणती वाट धरायची हे रस्त्याच्या अवस्थेवर ठरवा. नुसते खड्डे आणि वरचा थर गेला असेल तर ३०५४ पुरतो. तळच बसला असेल तर दुरुस्तीचे पैसे घेऊ नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण थोडे पैसे लवकर मिळतात आणि मोह होतो. पायाच नसलेल्या रस्त्यावर डांबराचा पातळ गालिचा टाकला तर पहिल्या पावसात तो जातो आणि कागदावर मात्र "या रस्त्यावर नुकतंच काम झालं आहे" अशी नोंद राहते. पुढची काही वर्षं तुमची मागणी त्या नोंदीवर आपटत राहते. वित्त आयोगाच्या पैशावरही फार भिस्त ठेवू नका. आमच्या वेळी पंधराव्या आयोगातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. अबंधित रकमेतून एखादी मोरी, गटार होतं, किलोमीटरचा रस्ता होत नाही.

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर कामाचं नाव लक्षात ठेवा. प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम आणि त्याचा खर्च यांना मिळणारी सरकारी मंजुरी, कामाच्या नावाला मिळते. आमच्या शेजारच्या गावाने "रस्ता डांबरीकरण करणे" एवढंच मागितलं. मंजूर झालं, डांबर पडलं. पण नावात मोरी नव्हती, म्हणून अंदाजपत्रकात मोरी नव्हती, आणि ओढ्याच्या पाण्याने दुसऱ्याच पावसाळ्यात तिथला रस्ता कापून नेला. आम्ही दुसऱ्या ग्रामसभेत ठराव असा लिहिला: "ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक, फाटा ते ओढा, किलोमीटर ०/०० ते २/००० ची मजबुतीकरण व डांबरीकरणासह सुधारणा करणे आणि ओढ्यावर मोरी बांधणे." किलोमीटरची साखळी, म्हणजे काम कुठून कुठपर्यंत ते, आकड्यात, रस्त्याचा क्रमांक नावात, मोरी नावात. शाखा अभियंत्यांना समोर बसवून वाक्य जुळवलं आणि मगच ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात गेलं. ग्रामसभेला गणपूर्ती हवी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती. नंतर कोणी हरकत घेतली तर सह्यांचं रजिस्टरच तुम्हाला वाचवतं.

प्रस्तावाला जोडायला आम्ही पुरावा गोळा केला, आणि माझ्या मते इथेच आमची फाइल इतरांपेक्षा वेगळी झाली. कॉलेजच्या सहा मुलांनी पाळ्या लावून फाट्यावर तीन दिवस वाहनं मोजली. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा ऊसतोडीच्या हंगामात, कारण उसाच्या ट्रॉल्या मोजल्याशिवाय आमच्या रस्त्यावरचं ओझं कळतच नाही. एसटी आगाराकडून पत्र घेतलं की रस्त्यामुळे फेरी बंद आहे. शाळेकडून फाट्यापलीकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या घेतली. पावसाळ्यातले फोटो तारखेसह लावले. उन्हाळ्यात सगळेच रस्ते बरे दिसतात. शिवाय ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेतून प्रस्तावित नसल्याचा दाखला आधीच तयार ठेवला. हा दाखला नसला की फाइल त्रुटीत निघते आणि परत यायला महिना जातो.

मातीची तपासणी करा असं मी उपअभियंत्यांना पुन्हा पुन्हा विनवलं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि तिची भार सोसण्याची ताकद फार कमी असते. मुरमाचा जाड थर न देता वर खडी टाकली की ती मातीत बुडते. तपासणीनंतर अंदाजपत्रकात मुरमाचा थर वाढला, दोन्ही बाजूंचे चर आले, रक्कम ६४ लाखांवर गेली. रक्कम मोठी दिसली म्हणून काही लोक घाबरले, "एवढे कोण देणार, निम्म्यात भागवा" म्हणाले. मी ऐकलं नाही. रक्कम कमी करायची असेल तर लांबी कमी करा, जाडी नको.

वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा. जिल्हा नियोजनात आधीच्या कामांचं दायित्व, म्हणजे द्यायची राहिलेली रक्कम, वजा करून जे उरतं तेवढ्यातच नवी कामं बसतात. त्यामुळे नवं आर्थिक वर्ष उजाडण्यापूर्वी तुमचं अंदाजपत्रक तयार पाहिजे. २०१९ मध्ये मार्चपासून लोकसभेची आणि सप्टेंबरपासून विधानसभेची आचारसंहिता लागली. त्या काळात नवी मंजुरी नाही. आम्ही तो वेळ तांत्रिक तयारीत घालवला. फेब्रुवारी २०२० मध्ये ५०५४ मधून प्रशासकीय मान्यता मिळाली, गावात पेढे वाटले. मग करोना आला. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने विकासखर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा आली आणि नव्या कामांवर बंदी. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण मान्यता हातात होती, म्हणून वाट पाहता आली. हिवाळ्यात फाइल हलली, ई-निविदा निघाली, आणि २०२१ च्या सुरुवातीला कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघाला.

काम सुरू झाल्यावर सरपंचाचं काम संपतं, असं समजू नका. अंदाजपत्रकाची आणि कार्यारंभ आदेशाची प्रत मागून घ्या, न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कामाच्या माहितीचा फलक रोलर येण्याआधी लागला पाहिजे, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. आम्ही दोन निवृत्त माणसं रोज साइटवर बसवली, एक माजी सैनिक आणि एक गवंडी. त्यांनी भांडण केलं नाही. फुटपट्टीने प्रत्येक थराची जाडी मोजून वहीत लिहायची आणि संध्याकाळी मुकादमाची सही घ्यायची, एवढंच. खडीचा एक थर दबून ७५ मिलिमीटर भरायला हवा, तो एका ठिकाणी भरला नाही. वही दाखवली, अभियंत्यांनी तेवढा भाग उकरून पुन्हा करायला लावला. डांबर मे महिन्याच्या आत पडेल हे पाहा.

आणि पाइपलाइन! रस्ता होतो आणि आठ दिवसांत कोणीतरी विहिरीचं पाणी पलीकडच्या शेतात न्यायला तो आडवा खोदतो. आम्ही डांबरापूर्वी दवंडी दिली: ज्याला रस्त्याखालून पाइप न्यायचा आहे त्याने आत्ता नाव सांगावं. चौदा जण आले. त्यांनी स्वखर्चाने पाइप आणले आणि थर पडण्याआधी ते आडवे गाडून घेतले. नंतर कोणाला खोदायचं कारणच उरलं नाही. कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं, पण आमचा रस्ता आज शाबूत आहे त्यात या चौदा पाइपांचा वाटा मोठा आहे.

२०२१ च्या जून महिन्यात एसटी गावात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माझी मुदत संपली. ओढ्यापलीकडच्या तुकड्याला तोवर क्रमांक मिळाला होता, डांबर अजून नव्हतं. नव्या सरपंचांना मी दोन फाइली दिल्या. पलीकडच्या तुकड्याच्या फाइलमध्ये ठराव, वाहनांची मोजणी आणि संमतीपत्रं क्रमाने लावलेली होती. झालेल्या रस्त्याच्या फाइलवर लाल शाईने एकच तारीख लिहिली होती, निविदेतली दोष दायित्वाची मुदत संपण्याची, म्हणजे रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. त्या तारखेच्या आधीच्या पावसाळ्यात मी आणि नव्या सरपंचांनी सगळ्या मोऱ्या आणि चर पायी फिरून तपासायचे आणि ठेकेदाराच्या खर्चातून काय करून घ्यायचं ते उपविभागाला लेखी द्यायचं, असं आमचं ठरलं आहे.